मुलगा धनराजचा भक्त आहे. त्याला अडवू की मोकळं सोडू?

पत्राचा गोषवारा : पिंपरी-चिंचवड भागातल्या एका वडिलांचं हे पत्र. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. शाळेच्या हॉकी संघात सेंटर फॉरवर्ड, शालेय हॉकीच्या नेहरू चषकात विभागापर्यंत जाऊन आलेला. भारताचा माजी हॉकी कर्णधार धनराज पिल्ले हे त्याचं दैवत. मोबाइलमध्ये जुने सामने, भिंतीवर फोटो. इथवर घरात कौतुकच होतं. पण जूनपासून त्यानं क्लास सोडला, शाळेलाही दांड्या सुरू झाल्या. "मार्कांनी कुणी धनराज होत नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर. वडिलांनी आणलेली नवी स्टिक कपाटात पडून आहे. तो जुनी, तुटलेली लाकडी स्टिक सुतळीनं बांधून रात्री दहानंतर मुरमाच्या मैदानावर रस्त्याच्या दिव्याखाली सराव करतो, कारण धनराजही तुटक्या स्टिकनं शिकला. प्रशिक्षकांनी फॉरवर्डवरून हाफला (आघाडीतून मधल्या फळीत) आणलं तर त्यांच्याशी भांडला आणि पंधरा दिवस मैदानावर फिरकला नाही. "धनराजसर कुणापुढे वाकले नाहीत" म्हणाला. वडील विचारतात, अडवलं तर त्याची प्रेरणाच मोडेल का? आम्ही त्याला काही कमी पडू दिलं नाही, म्हणून त्याच्यात ती आग येणारच नाही का? आणि धनराजशी एकदा भेट घालून दिली तर तो ऐकेल का?

नमस्कार,

तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेतो. "काही कमी पडू दिलं नाही" हे तुम्ही जवळजवळ ओशाळून लिहिलं आहे, आणि घरातला सगळा गुंता तिथेच आहे असं मला वाटतं. मुलगा तुटकी स्टिक घेऊन हिंडतो ते ज्या समजुतीपायी, त्याच समजुतीपायी तुम्हालाही त्याला ठामपणे काही सांगता येत नाही. हलाखीनं खेळाडू घडतो, हे तुम्हा दोघांनीही गृहीत धरलं आहे.

धनराजची गोष्ट सांगताना आपण गरिबीलाच नायक करून टाकतो. म्हणून ती एकदा नीट, क्रमानं बघू. जन्म १६ जुलै १९६८, खडकी. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे, घर कारखान्याच्या वसाहतीत, पाच भावांत हा चौथा. घरात पैशांची ओढाताण होती, हे खरं. पोरं तुटक्या स्टिका बांधून आणि टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळायची, हेही खरं. पण याच गोष्टीत आणखी काय काय आहे ते मुलासोबत बसून मोजा. घराच्या दारात हॉकीचं मैदान होतं, आणि ते राखणारे वडीलच होते. ओढाताणीतही पाचही मुलांनी खेळावं म्हणून पाठीशी उभी राहणारी आई होती. रोज संध्याकाळी समोर खेळायला भाऊ आणि वसाहतीतली मुलं होती. मोठा भाऊ रमेश तर भारताकडून खेळलेला आणि मुंबईत आरसीएफ या खत कंपनीच्या संघात होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात धनराज त्याच्याकडे मुंबईला गेला आणि त्याच्या हाताखाली वेगवान फॉरवर्ड म्हणून तयार झाला. मग महिंद्राच्या संघात जोकिम कार्व्हालोंसारखा ऑलिंपिक खेळलेला माणूस शिकवायला मिळाला. पुढे इंडियन एअरलाइन्सची नोकरी आली. १९८९ मध्ये तो भारताकडून पहिला सामना खेळला.

आता यातून गरिबी काढून बघा. खेळाडू उरतो. मैदान काढा, रमेश काढा, कार्व्हालो काढा, पगार देणारे संघ काढा. मग काय उरतं? तशीच ओढाताण त्या काळी कितीतरी घरांत होती, आणि त्या घरांतल्या बहुतेक मुलांच्या हाती काहीच लागलं नाही. तुटकी स्टिक ही त्याची निवड नव्हती. दुसरी मिळत नव्हती म्हणून ती होती. मिळाली तेव्हा त्यानं चांगलीच स्टिक वापरली.

त्यामुळे तुम्ही काही कमी पडू दिलं नाही याची खंत सोडून द्या. उलट स्वतःला असं विचारा, की धनराजला जे मिळालं त्यातलं माझ्या मुलाला अजून काय मिळालेलं नाही? तुमच्या पत्रावरून मला दोन गोष्टी दिसतात. टर्फवरचा, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावरचा पुरेसा वेळ, आणि त्याच्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या पुढे खेळणारा, त्याला रमेशच्या जागी वाटेल असा मोठा खेळाडू. या दोन्ही गोष्टी तुम्ही मिळवून देऊ शकता. नव्या स्टिकेपेक्षाही त्यांची गरज जास्त आहे.

आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगा, त्याला ती आवडेल. धनराजचंही एक दैवत होतं : बनारसचा मोहम्मद शाहिद, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातला ड्रिबलचा, म्हणजे चेंडू स्टिकेशी ठेवून चकवत नेण्याचा बादशहा. धनराजनं त्याची चक्क नक्कल केली. पण ती कशाची? शाहिद चेंडू कसा नेतो, वेग कसा तोडतो, समोरच्याला एका बाजूला झुकवून दुसरीकडून कसा निघतो, याची. म्हणजे तुमच्या मुलानं नक्कल करण्यात काहीच चूक नाही. फक्त त्यानं ती आयुष्याची न करता खेळाची करायला हवी.

आता स्टिकेबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे नुसतं समजावून भागणार नाही, कारण दाखवावं लागेल.

आपल्या पद्धतीच्या ड्रिबलमध्ये स्टिक फिरवण्याचं काम वरचा डावा हात करतो. उजवा हात खाली नुसता सैल कड्यासारखा असतो, त्याच्या आत दांडा फिरतो. स्टिक चिरलेली असली की चेंडू लागताना तिचं डोकं (खालचा वाकडा भाग) केसभर उघडतं आणि चेंडू अपेक्षेपेक्षा वाकडा निघतो. ते सावरायला मुलगा नकळत उजव्या हाताची मूठ आवळतो. मूठ आवळली की दांडा फिरत नाही, मग दोन्ही मनगटं वळवावी लागतात, चेंडू एका बाजूकडून दुसरीकडे न्यायला उशीर होतो आणि खात्री करायला मान खाली जाते. चार-सहा महिने असा सराव झाला की ही सवय हाडात बसते, आणि पुढे कितीही महाग स्टिक दिली तरी ती सुटायला फार वेळ लागतो. मुलाला म्हणा, डाव्या हातानं एकट्यानं स्टिक धर आणि उजव्या हाताची फक्त अंगठा-तर्जनी दांड्याभोवती ठेवून वीस वेळा चेंडू आत-बाहेर ने. बांधलेल्या स्टिकेनं आणि नव्या स्टिकेनं, दोन्हींनी. फरक त्याचा त्यालाच कळेल. शिवाय नियमानं स्टिक गुळगुळीत लागते. खडबडीत किंवा टोकं निघालेली स्टिक पंच सामन्यात चालवून घेत नाहीत. म्हणजे ज्या हत्यारावर रात्री हात बसवतोय ते सामन्यात वापरताच येणार नाही.

कपाटातली नवी स्टिकही एकदा तपासा. त्याला ती नकोशी वाटण्यामागे दुसरंही कारण असू शकतं. दुकानदार अनेकदा भरपूर कार्बनची, ताठ स्टिक पालकांच्या गळ्यात मारतात. ती हिटला जोरदार असते, पण चेंडू अडवताना तो टणकन उडून जातो. या वयात कार्बन कमी आणि फायबरग्लास जास्त असलेली स्टिक बरी. वजन ५२० ते ५४० ग्रॅमच्या आसपास. लांबीसाठी साधी कसोटी : ताठ उभं राहून स्टिक शेजारी उभी धरली की मुठीचं टोक कमरेच्या हाडापाशी यायला हवं, साडेपाच फुटांच्या आसपासच्या मुलाला साधारण ३६ किंवा साडेछत्तीस इंची बसते. दांड्याचा बाक जितका जास्त आणि जितका खाली, तितकी ती ड्रॅग फ्लिकला (चेंडू ओढत नेऊन उचलून गोलकडे फेकायला) सोयीची आणि साध्या पुश-हिटला अवघड. नियमानं बाक २५ मिलिमीटरपर्यंत चालतो, पण फ्लिकर नसलेल्या मुलानं मध्यम बाकाचीच घ्यावी. तुमची स्टिक यात बसत नसेल तर बदलून आणा, आणि निवडायला त्याला सोबत न्या. जुनी फेकू नका. तिच्यात त्याचा जीव आहे, राहू द्या भिंतीवर धनराजच्या फोटोशेजारी.

रात्रीचा सराव मात्र थांबवा. इथे चर्चा नको, वडिलांच्या अधिकारानं थांबवा. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक असतो. मुरमावर तो खड्याला लागून कधी उसळेल ते दिवसाउजेडीही सांगता येत नाही, रस्त्याच्या दिव्याखाली तर नाहीच. दात आणि डोळे असे जातात. दुसरं कारण झोपेचं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते; रात्री अकराला येऊन सकाळी सहाला उठणाऱ्या मुलाचा वेग कमी होतो, आणि मग तो कमी पडतोय असं समजून आणखी सराव करतो.

तिसरं कारण शरीराचं, आणि ते धनराजच्याच नावानं सांगता येईल. तो १९८९ ते २००४, पंधरा वर्षं देशाकडून खेळला, ३३९ सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. २००२ मध्ये चौतिसाव्या वर्षी तो कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं आशिया चषक जिंकला. इतकी वर्षं वेग टिकवायचा तर गुडघे आणि कंबर शाबूत हवी. हॉकीत माणूस सतत वाकलेला असतो आणि पंधराव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दाबलं की दुखतंय का, आणि मागे झुकताना कंबर दुखते का, हे त्याला विचारा. यातलं काहीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर मालीश-मलमावर न थांबता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढत्या मुलाच्या कंबरेच्या मणक्याला ताणानं बारीक तडा जाऊ शकतो, आणि तो लक्षात न येता खेळत राहिलं तर मोसमच्या मोसम वाया जातात.

किती सराव पुरे, याचा एक सोपा अंदाज आहे : आठवड्याला वयाच्या आकड्याइतके तास, त्याहून जास्त नाही, त्यात सामने आणि व्यायामही धरायचे, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. तुमच्या मुलाच्या बाबतीत दहावीचं वर्ष बघता नऊ-दहा तासही भरपूर झाले. तीन संध्याकाळी दीड-दीड तास टर्फवर संघासोबत, दोन सकाळी पाऊण-पाऊण तास धावण्याचा वेग, रविवारी सामना, आणि विश्रांतीचा दिवस सोडून घरी रोज वीस मिनिटं फक्त स्टिक आणि चेंडू. मुरमावरून टर्फवर जाताना पहिले दोन आठवडे वेळ थोडा कमीच ठेवा. टर्फवर चेंडू जास्त वेगानं येतो, जास्त खाली बसावं लागतं, आणि पोटऱ्या-कंबर ओरडायला लागते.

त्या वीस मिनिटांत काय करायचं? पाण्याच्या पाच बाटल्या एक-एक मीटरवर ओळीत लावायच्या आणि त्यातून चेंडू काढत जायचं, सहा फेऱ्या. बाटलीच्या पलीकडे तुम्ही किंवा त्याची बहीण-भाऊ कुणीतरी उभं राहून बोटं दाखवायची आणि त्यानं पळता पळता आकडा ओरडायचा. आकडा चुकला तर फेरी पहिल्यापासून. याचा उद्देश एकच, मान वर ठेवणं. बहुतेक मुलांचा चेंडू पळताना पायात येतो. पायात आला की मान खाली, आणि मान खाली गेली की पास दिसत नाही. चेंडू उजव्या पायाच्या पुढे, हात लांबवून पोचेल इतक्या अंतरावर हवा. नंतर भिंतीवर पुश मारून परत येणारा चेंडू अडवायचा, पण अडवायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघायचं. हे मागे बघणं फॉरवर्डसाठी फार मोलाचं आहे, पुढे त्याबद्दल बोलूच.

मैदानावर गोलरेषेपासून २३ मीटरच्या रेषेपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्याची वेळ घ्या, तीनदा चेंडूशिवाय आणि तीनदा चेंडूसकट, दोन्हींतली सर्वांत चांगली वेळ वहीत लिहा. धनराजचं वेगळेपण याच दोन आकड्यांमधल्या अंतरात होतं. चेंडू स्टिकेला असताना त्याचा वेग फारसा उतरत नसे. तुमच्या मुलाचं हे अंतर महिन्यामागून महिने कमी होत असेल तर तो खरोखर धनराजच्या वाटेवर आहे. तसं होत नसेल तर रात्री कितीही घाम गाळला तरी तो सराव चुकतोय. मुलांना आकडे पटतात, बापाचं बोलणं पटत नाही. यात तुमची काही चूक नाही.

आता प्रशिक्षकांचं. सेंटर फॉरवर्डला हाफला नेणं म्हणजे अपमान, असं त्याला वाटतंय, आणि तुमच्या पत्रातही तो सूर थोडा उमटला आहे. पण त्यामागे सहसा खेळाचंच कारण असतं. फॉरवर्डला चेंडू बहुतेक वेळा गोलकडे पाठ असताना मिळतो. मागून कोण येतंय हे आधी बघून ठेवलेलं नसेल तर पहिल्या स्पर्शालाच चेंडू जातो. हाफला खेळलं की मैदान समोर दिसतं, चेंडू जास्त वेळा हाताशी येतो, आणि पास कधी सोडायचा हे कळायला लागतं. शिवाय धनराजच्या उमेदीतला फॉरवर्ड आणि आजचा फॉरवर्ड यांचं काम सारखं राहिलेलं नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ऑफसाइडचा, म्हणजे फॉरवर्डला बचावफळीच्या मागे आधीच जाऊन उभं राहू न देणारा नियम गेला. आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव असतात, खेळाडू सतत आत-बाहेर बदलले जातात, आणि मैदानावर असेपर्यंत फॉरवर्डनंच पुढून दबाव टाकून प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडवायला सुरुवात करायची असते. ज्याला बचाव कळत नाही असा फॉरवर्ड आज वरच्या संघात टिकत नाही. आणि हाफ म्हणजे दुय्यम, असं वाटत असेल तर खडकीचाच विक्रम पिल्ले मधल्या फळीत भारताकडून खेळला, मुंबईचा विरेन रस्किन्याही मधल्या फळीतूनच कर्णधारपदापर्यंत गेला.

तुम्ही प्रशिक्षकांना भेटा, पण मुलाची बाजू घेऊन भांडायला नको, तक्रार ऐकायलाही नको. तीन गोष्टी विचारा : हाफला नेण्यामागे नेमकी कोणती उणीव भरून काढायची आहे, ती भरली हे कशावरून ठरवणार, आणि पुन्हा पुढे खेळवून कधी बघणार. चांगला प्रशिक्षक याची सरळ उत्तरं देतो, आणि मुलासमोर देतो. आठ आठवड्यांची मुदत ठरवून घ्या. उत्तरं मिळाली नाहीत, नुसतं "मी सांगतो म्हणून" असं आलं, तर दुसरा क्लब बघायला हरकत नाही. मात्र मोसमाच्या मध्यावर नको.

"धनराज कुणापुढे वाकला नाही" याचंही खरं रूप मुलाला सांगायला हवं. डिसेंबर १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकलं. १९६६ नंतर पहिल्यांदाच, ३२ वर्षांनी. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली आणि टायब्रेकरमध्ये गोलरक्षक आशिष बल्लाळनं बाजी पलटवली. खेळाडूंना मिळणारं मानधन आणि वागणूक यांबद्दल धनराज उघड बोलला, आणि त्या विजयानंतर त्याला आणि आणखी सहा ज्येष्ठांना संघाबाहेर ठेवण्यात आलं. कारण दिलं गेलं विश्रांतीचं. तो भांडला तो सहकाऱ्यांच्या हक्काच्या पैशांसाठी, देशाकडून नऊ वर्षं खेळून झाल्यावर, आणि त्याची किंमतही मोजली. मैदानावर मला कुठे उभं करता, यावरून सराव सोडून घरी बसणं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे जसंच्या तसं मुलाला सांगा. कमी लेखून सांगू नका. त्याला आपल्या दैवताचा अपमान वाटेल आणि दार बंद होईल.

दहावीबद्दल मी ठाम आहे : परीक्षा द्यायचीच. "शिकून नाव काढ" असला उपदेश यात नाही, हा हॉकीचाच हिशेब आहे. धनराजला घडवलं ते नोकरी देणाऱ्या संघांनी, हे वर आलंच. आजही रेल्वे, तिन्ही सैन्यदलं, इन्कम टॅक्स, पेट्रोलियम कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात, पण शिक्षणाची अट घालून. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात सर्वांत खालच्या लेव्हल १ ला दहावी लागते, लेव्हल २ आणि ३ ला बारावी, ४ आणि ५ ला पदवी. सैन्यात खेळाडू म्हणून थेट हवालदार व्हायचं तरी दहावी हवी. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तिथेही त्या त्या पदाची शैक्षणिक पात्रता सुटत नाही. दहावी अर्धवट राहिली तर राष्ट्रीय पातळीवर खेळूनही हे दरवाजे बंद. विरेन रस्किन्यानं हॉकीनंतर एमबीए केलं आणि पुढे ऑलिंपिक खेळाडूंना मदत करणारी संस्था चालवली, हेही त्याच्या कानावर घाला.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. खेळाडू विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव क्रीडा गुण मिळतात आणि त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो. तुमच्या मुलाची विभागीय पातळीवरची कामगिरी त्यात बसते का, ते शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आत्ताच विचारा आणि प्रमाणपत्राच्या प्रती काढून ठेवा. मैदानावर खेळलेलं दहावीत कामी येतंय, हे कळल्यावर शाळेबद्दलचा त्याचा राग थोडा तरी उतरेल. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव-तारीख एकच आहे ना तेही बघून घ्या. वयोगटाच्या निवड चाचणीत ऐन वेळी मुलं यावरून परत पाठवली जातात.

निवासी केंद्राचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण तो लवकरच तुमच्या घरात निघेल. सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या ८ ते १४ वयात मुलं घेतात, ती वेळ गेली. बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी हा जवळचा पर्याय आहे. तिथे टर्फ, आहार, प्रशिक्षक आणि बरोबरीची मुलं मिळतात, म्हणजे खडकीच्या त्या वसाहतीत धनराजला जे आपोआप मिळालं त्यातलं बरंचसं. पण खेळायची जागा बदलली म्हणून पंधरा दिवस रुसणारा मुलगा तिथे पहिल्या महिन्यातच बॅग भरेल. आधी ते आठ आठवडे नीट पार पडू द्या, मार्चमध्ये परीक्षा होऊ द्या, आणि मग चाचणीला न्या. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत टर्फ आठवड्यातून दोनच दिवस, घरची वीस मिनिटं मात्र रोज. तेवढ्यानं हात बसलेला राहतो.

मोठा भाऊ कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. प्रशिक्षकांनाच विचारून क्लबमधला एकोणीस-वीस वर्षांचा, राज्याकडून खेळलेला एखादा मुलगा शोधा. आठवड्यातून एकदा सरावानंतर अर्धा तास त्याच्याशी एकास-एक खेळायला मिळालं तरी पुरे. हरायला मिळतं, हे त्यातलं मोठं काम. स्वतःच्या शाळेत सर्वांत चांगला असलेला मुलगा फार वेळ फक्त जिंकतच राहतो आणि नेमका तिथेच अडकतो.

धनराजच्या भेटीबद्दल : योग आला तर जरूर घडवा, पण त्यातून मुलगा ताळ्यावर येईल अशी आशा धरू नका. दोन मिनिटांच्या भेटीत फोटो निघतो, फार तर आशीर्वाद मिळतो. त्यापेक्षा नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर वरिष्ठ गटाची स्पर्धा असेल तेव्हा त्याला घेऊन जा आणि मधल्या रेषेजवळ बसा. एकच फॉरवर्ड निवडायचा आणि पंधरा मिनिटांचा एक पूर्ण डाव चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघायचं. चेंडू येण्याआधी त्यानं किती वेळा मान वळवली, किती वेळा मागे पळत येऊन चेंडू अडवला, चेंडू प्रत्यक्ष स्टिकेला किती वेळ होता, हे मुलानं वहीत लिहायचं. पुढच्या डावात हाफचं तसंच. घरी येताना तुम्ही काही बोलू नका, त्याला वही वाचू द्या. आणि दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन त्यानं स्वतः प्रशिक्षकांकडे जावं, तुम्ही सोबत न जाता.